काळं पायमशीन, फुग्याच्या बाह्या आणि अंबाडा: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या रोजच्या वापरानंतर

पावसाळा लागला आणि पायमशीनचा चामडी पट्टा घसरायला लागला. दुरुस्तीच्या दुकानातून सल्ला आला: "पट्ट्याचा नाद सोडा, मोटर बसवून टाका." बहुतेकांना हाच सल्ला मिळतो आणि बरेच जण तो ऐकतात. जुन्या धाटणीचे कपडे घरी शिवून रोज वापरायचे असतील, तर तो ऐकू नये असं मला ठाम वाटतं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिला आहे, आणि त्यात पट्ट्याला जरा जास्त जागा दिली आहे.

मशीन सगळ्यांच्या माहितीतलं आहे. काळं, १५ क्लास नावाच्या नमुन्याचं डोकं (वरचा शिवणारा भाग), खाली लोखंडी स्टँड, फक्त सरळ टीप. मूळ रचना सिंगरची. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात उषा मशीन बनवायला घेतलं, आणि पुढे लुधियानात याच रचनेच्या मशीनचा आणि सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला. म्हणून आजही तालुक्याच्या बाजारात याची बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), बॉबिन केस, शटल (टाका गुंफणारा भाग), सुई मिळते. जुनं विलायती मशीन दिसायला कितीही देखणं असलं तरी त्याची लांबट शटल आणि तिची सुई शोधत फिरावं लागतं. रोजच्या वापराला १५ क्लासच घ्यावं.

यावर शिवायचं काय, तर फुग्याच्या बाह्यांचे, बंद गळ्याचे सुती ब्लाउज, खणाच्या चोळ्या, परकर. प्रभात कंपनीच्या काळातल्या, म्हणजे १९३० आणि ४०च्या दशकांतल्या छायाचित्रांत जी धाटणी दिसते ती. सणासुदीला नव्हे, कामावर जाताना रोज.

आता मोटर का नको. बाहेरून लावलेली छोटी मोटर पायाखालच्या कंट्रोलरवर चालते आणि अगदी हळू चालवायला गेलं की आधी गुरगुरते, मग एकदम चार-पाच टाके उडी मारते. सरळ परकर शिवताना त्याने काही बिघडत नाही. पण फुग्याची बाही मुंड्यात, म्हणजे ब्लाउजच्या बाहीच्या भोकात, बसवताना प्रत्येक चुणी सुईखाली जाण्याआधी टाचणीच्या टोकाने सरळ करावी लागते. तिथे एक टाका, थांबा, चुणी लावा, परत एक टाका, असंच काम चालतं. पायाने चालणाऱ्या मशीनवर उजवा हात चाकावर ठेवला की सुई पाहिजे तिथे थांबते. हा ताबा मोटर देत नाही. शिवाय वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात ही लहान गोष्ट नाही.

मात्र हा ताबा सगळा पट्ट्यावर अवलंबून आहे. गोल चामडी पट्टा, काही जण त्याला वादी म्हणतात, साधारण ५ मिलिमीटर जाडीचा आणि ७२ इंच लांबीचा मिळतो. तो मापाला कापून तारेच्या कडीने जोडायचा असतो. दुकानात तो बसवून देतात तेव्हा दोनपैकी एक चूक जवळजवळ ठरलेली. एक म्हणजे पट्टा तुणतुण्याच्या तारेइतका ताणतात. मग पायटा (पायाने हलवायची फळी) जड होतो, पोटऱ्या भरून येतात, आणि चाकाच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो त्या नळीवर) सतत एका बाजूने ओढ बसून तिथे झीज होते. दुसरी चूक कडीची. तिची टोकं नीट दाबून चामड्यात बसवलेली नसतात. मग प्रत्येक फेरीला टक असा आवाज येतो आणि काही आठवड्यांत कडी चामडं फाडून बाहेर येते.

बसवायची रीत अशी. पट्टा दोन्ही चाकांवरून आणि टेबलाच्या दोन्ही भोकांतून फिरवून घ्यायचा, टोकं जुळवायची आणि हाताने ओढून जिथे ढिलेपणा जेमतेम संपतो तिथे खूण करायची. त्या खुणेवर काटकोनात, धारदार पात्याने कापायचं. तिरपं कापलं तर सांध्यावर उंचवटा येतो. टोकापासून ६ मिलिमीटर आत दाभणाने किंवा बारीक ड्रिलने भोक पाडायचं. भोक टोकाच्या फार जवळ गेलं तर फाटतं, फार लांब गेलं तर सांधा लवचीक राहत नाही. कडी घालून पकडीने दोन्ही बाजू पूर्ण आडव्या दाबायच्या. मग वरच्या आणि खालच्या चाकांच्या मधोमध पट्ट्याचे दोन पदर चिमटीत धरून जवळ आणायचे. अर्धा इंच सहज दबले आणि पुढे विरोध जाणवला की ताण बरोबर.

नवं चामडं पहिल्या महिन्यात ताणतंच. तेव्हा एक सेंटीमीटर कापून पुन्हा जोडायचं. म्हणून सुरुवातीलाच फार मोजून-मापून कापू नये, आणि जास्तीची कडी घरात ठेवावी. दमट हवेत चामडं ओलावा धरून सैल पडतं, मग ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आवळतं. म्हणून जुलैत ताण पक्का करायला गेलात तर दिवाळीच्या शिवणकामाला पायटा जड लागतो. पावसाळ्यात तात्पुरता उपाय म्हणजे पट्ट्यावर राळेची बारीक पूड किंवा खडूची भुकटी अगदी चिमूटभर चोळणे. तेल मात्र पट्ट्याला कधीही लावू नये. चामडं मऊ राहावं म्हणून खोबरेल लावणारे लोक आहेत, आणि त्यानंतर तो पट्टा घसरतच राहतो. रबरी आणि पॉलियुरेथेनचे पट्टेही मिळतात. ते दमट हवेत सैल पडत नाहीत, पण रबरी पट्टा थांबताना चाकाला चिकटतो आणि चाक अर्धी फेरी उलटं ओढतो. मशीन उलटं फिरलं की शटलमध्ये दोऱ्याचा गुंता झालाच म्हणून समजा. त्यामुळे मत अजूनही चामड्याच्याच बाजूने आहे.

मात्र एक मत वापराच्या मध्यावर बदललं. मशीन घसरतं म्हणजे पट्टाच दोषी, असं आधी पक्कं वाटत होतं. तसं नेहमी नसतं. नीट पाहिलं तर कळतं: खालचं मोठं चाक फिरतंय आणि वरचं हातचाक थांबलंय, तर दोष पट्ट्याचा. हातचाकही फिरतंय पण सुई हलत नाही, तर पट्टा निर्दोष आहे. दोष हातचाकाच्या मध्यावरच्या गोल स्क्रूचा आणि त्याच्या आतल्या वॉशरचा. बॉबिन भरताना सुई थांबावी म्हणून तो स्क्रू सैल करतात आणि नंतर पुरता आवळत नाहीत. कधी साफसफाईनंतर वॉशर उलटा बसवला जातो आणि स्क्रू कितीही पिळला तरी पकड येत नाही. वॉशर काढायचा, १८० अंशांत फिरवून परत बसवायचा, की पकड येते. या कारणासाठी लोक दोन-दोन पट्टे बदलतात, आणि दुकानदार दोन्ही वेळा पैसे घेतो.

पायटा जड वाटण्याचंही तसंच. पट्टा चाकावरून उतरवायचा. नुसतं हातचाक बोटाने फिरवून पाहायचं. जड असेल तर डोक्यात जुनं तेल चिकट झालंय. मग पट्ट्याशिवाय पायटा मारून सोडून द्यायचा. मोठं चाक बराच वेळ मोकळं फिरलं पाहिजे. लगेच थांबलं तर पायट्याच्या बेअरिंगमध्ये आणि चाकाला जोडणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना तेल हवं. खडखड आवाजही बहुतेक वेळा त्या दांड्याच्या सैल टोकाचाच असतो.

घट्ट बसलेलं जुनं तेल रॉकेलने सुटतं. तेलाच्या प्रत्येक भोकात दोन थेंब टाकून मशीन दोरा न ओवता चालवायचं, तासभर ठेवायचं, पुन्हा चालवायचं, काळं पाणी सुती चिंधीने पुसून काढायचं आणि मगच शिलाई मशीनचं पातळ, पांढरं तेल सोडायचं. रॉकेल हे वंगण नाही, ते आत तसंच ठेवू नये. स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल मशीनला चालत नाही. ते काही महिन्यांत डिंकासारखं होतं आणि जड मशीनचं मूळ पुष्कळदा हेच असतं. वरचं सोनेरी नक्षीकाम पुसायला स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर वापरू नये. जुन्या मशीनवर त्या नक्षीवर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षी चिंधीवर उतरते.

दोऱ्याच्या ताणाबद्दल थोडक्यात: कापडाच्या खालच्या बाजूला फासे दिसले तर दोष वरच्या ताणाचा असतो, बॉबिनचा नाही. दोरा ओवताना फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर असावा, म्हणजे ताणाच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतो. ताण तपासताना फूट खाली हवा. बॉबिन केस दोऱ्याला टांगून पाहावी. आपोआप घसरू नये, हलक्या झटक्याने दोन-तीन सेंटीमीटर उतरावी. सुईची सपाट बाजू कुठे करायची यावर वाद होतात. सुईवरची लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा आत जातो, एवढं लक्षात ठेवावं.

आता फुग्याची बाही. शिंप्याकडून शिवून आणलेल्या फुग्याच्या बाह्या दोन धुण्यांत खाली बसतात. कारण चुण्या पुरेशा नसतात आणि आत आधार नसतो.

साध्या बाहीचा कागद घ्यायचा. वरच्या गोलाईपासून खालच्या काठापर्यंत चार उभ्या रेघा मारून कापायचं, पण काठाशी कागद जोडलेला ठेवायचा. वर प्रत्येक फटीत एक इंच उघडायचं. म्हणजे गोलाईत चार इंच वाढतात, काठ तेवढाच राहतो, आणि फुगा फक्त खांद्यावर येतो. काठालाही चुण्या हव्या असतील तर कागद पूर्ण कापून वर-खाली सारखा पसरायचा. त्यानंतर गोलाईच्या मध्यावर उंची एक इंच वाढवायची. ही उंची वाढवायला विसरतात, आणि मग फुगा वर उभा न राहता आडवा पसरून खांदे रुंद दिसतात.

चुण्यांसाठी सगळ्यात लांब टाका लावायचा, वरचा ताण थोडा सैल करायचा आणि दोन टिपा मारायच्या: एक काठापासून पाव इंचावर, दुसरी त्यापासून आणखी पाव इंच आत. शिवण या दोन टिपांच्या मधून जाते. एकच टीप मारली तर चुण्या गोल फिरतात आणि सुईखाली आडव्या पडतात. दोन्ही टिपांचे बॉबिनचे दोरे एकत्र ओढायचे. चुण्या खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांतच गोळा करायच्या. काखेकडचा भाग सपाट राहिला पाहिजे, नाहीतर हात खाली सोडल्यावर तिथे गोळा येतो आणि घामाने काचतो. बसवताना चुण्यांची बाजू वर ठेवायची, म्हणजे डोळ्यांसमोर राहते.

आधारासाठी ऑर्गंडीची अडीच इंच रुंद आणि आठ इंच लांब उरेप (तिरकस कापलेली) पट्टी दुमडून मुंड्याच्या शिवणीत, बाहीच्या आतल्या बाजूने टीप मारून बसवायची. मुंबईच्या लोकलमध्ये दाटीत उभं राहूनही बाही परत उभी राहते ती या पट्टीमुळे. खळ घालून तेच साधता येतं, पण तो ताठपणा घामाने दुपारपर्यंत जातो. नेटची पट्टी कडक असते, पण त्वचेला टोचते. तिला मऊ सुती कापडाने मढवावं लागतं, आणि मग ती जाड होते. ऑर्गंडीच ठीक.

कापडाचा हिशेब आधीच करावा. ३६ इंच पन्ह्याच्या टू बाय टू रुबियाच्या (ब्लाउजच्या पातळ कापडाच्या) ८० सेंटीमीटरच्या पीसमध्ये कोपरापर्यंतची फुग्याची बाही बसवता येत नाही. एक मीटर घ्यावं, मोठ्या मापाला सव्वा. कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करावी. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर आधी मुंडा घट्ट होतो. बाजूच्या शिवणीत प्रत्येकी किमान एक इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) ठेवावी. जुने ब्लाउज वर्षानुवर्षं वापरले जात, कारण ते उसवून सैल करता येत. आजच्या ओव्हरलॉक केलेल्या, पाव इंच मायेच्या ब्लाउजला तो मार्गच उरलेला नसतो.

रुबियाला ११ नंबरची सुई आणि वरच्या स्क्रूने फुटाचा दाब थोडा कमी. दाब तसाच ठेवला तर पातळ कापड दातांवर ताणलं जाऊन शिवणीला बारीक सुरकुत्या येतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. तरीही येत असतील तर खाली पातळ कागद ठेवून टीप मारावी आणि नंतर कागद फाडून काढावा.

खणाचं काम वेगळं. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाच्या खणात नक्षी जादा ताण्याने (उभ्या दोऱ्यांनी) विणलेली असते, त्यामुळे मागच्या बाजूला दोऱ्याचे लांब तरंग सुटे असतात. कात्री लावली की काठ लगेच सुटायला लागतो. कापल्या कापल्या काठावरून एक सरळ टीप मारून घ्यावी. अस्तर लावावंच, नाहीतर मागचे तरंग बांगडीत आणि हुकात अडकून ओढले जातात. सुई १४ नंबरची, नवी. बोथट सुई नक्षीचा दोरा बाहेर खेचते आणि तो परत आत घालता येत नाही. पन्हा प्रत्येक विणकराचा वेगळा असतो, म्हणून मोजल्याशिवाय कागद ठेवू नये. गडद रंगाच्या खणाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग उतरला तर अस्तर पांढरं लावू नये.

मशीनवर फक्त सरळ टीप आहे याची तक्रार बरेच जण करतात. पातळ सुती ब्लाउजला ती उणीव जाणवत नाही. बाजूची शिवण फ्रेंच पद्धतीने करावी: आधी उलट्या बाजू आतून जोडून पाव इंचावर टीप, माया कातरून अर्धी करायची, कापड उलटवून पुन्हा पाव इंचाहून थोडी जास्त जागा सोडून टीप. सगळे काठ आत बंद होतात आणि ओव्हरलॉकचा दोरा त्वचेला घासत नाही. गळ्याला सव्वा इंच रुंद उरेप पट्टी, आतून हेमिंग. मुंड्याला फ्रेंच शिवण करू नये, चुण्यांमुळे तिथे जाडी फार होते; तिथे उरेप पट्टीने काठ बांधावा. खरी उणीव काजांची आहे. मागे बटणांचा जुना ब्लाउज हवा असेल तर काजं हातानेच करावी लागतात, आणि त्याला शिवणाइतकाच वेळ जातो. काजांसाठी मशीनला जोडायचं एक अवजार मिळतं, पण रुबियावर त्याचे टाके दाट आणि कडक पडतात. हाताचीच बरी.

या कपड्यांवर केस मोकळे सोडले की फुग्याची बाही झाकून जाते, आणि पाठीच्या बटणांत केस अडकतात. म्हणून अंबाडा, तोही मानेवर खाली. धुतलेल्या दिवशी केस निसटतात. दुसऱ्या दिवशी अंबाडा जास्त टिकतो. तेल मुळांना, अगदी कमी. आधी चार पेडांची वेणी घालून ती गुंडाळली तर तीन पेडांच्या वेणीपेक्षा अंबाडा चपटा बसतो. केस कमी असतील तर गंगावन वेणीच्या सुरुवातीलाच मधल्या पेडात घ्यावं. वेणी झाल्यावर टोकाला जोडलेलं गंगावन वजनाने सुटतं.

केसांचा आकडा (दोन पायांची पिन) सरळ खुपसून उपयोग नाही. अंबाड्याच्या कडेला तो बाहेरच्या दिशेने टोक करून घालावा, डोक्यावरच्या केसांची एक बारीक बट पकडावी, मग आकडा उलटा फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे सरकवावा. असे सहा आकडे कडेने घातले तर अंबाडा दिवसभर हलत नाही. गुळगुळीत आकडे निसटतात, नागमोडी पायांचे घ्यावेत. चपट्या पिनांची नागमोडी बाजू डोक्याकडे असावी. बहुतेक जण उलटी लावतात. मुलामा उडालेले आकडे ओल्या गजऱ्याखाली गंजतात आणि डोक्याला ओरखडे काढतात, ते टाकून द्यावेत. दुचाकीवर जाणाऱ्यांनी हेल्मेटखाली फक्त वेणी ठेवावी आणि पोहोचल्यावर गुंडाळावी. हेल्मेटची मागची कड मानेवरच्या अंबाड्यावर दाबली गेली तर हेल्मेट वर सरकतं, आणि ते धोक्याचं आहे. अबोलीचा वळेसर मोगऱ्यापेक्षा हलका असतो आणि जास्त वेळ टिकतो, म्हणून रोजच्यासाठी तो चांगला.

खर्चाचं बोलायचं तर पट्टा, बॉबिन केस आणि सुयांचं पाकीट तिन्ही मिळून शहरातल्या एका अस्तराच्या ब्लाउजच्या शिलाईपेक्षा स्वस्त पडतात. जुनं मशीन घेताना पट्टा तुटलेला आहे, टेबलाची लाकडी फळी फुगली आहे, बॉबिन भरणाऱ्या चाकाची रबरी रिंग कडक झाली आहे, शटलला गंज आहे, यापैकी कशानेही घाबरू नये. हे सगळं बदलता येतं, आणि भाव पाडायला उपयोगी पडतं. पाहायचं ते हातचाक. ते दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावं. कट असा खेळ (सैलपणा) जाणवला तर मुख्य दांड्याचं बुश गेलेलं आहे. सुईचा दांडा बोटाने डावी-उजवीकडे ढकलून पाहावा; तिथेही खेळ असेल तर टाके सुटत राहणार, सुई कितीही बदला. डोक्याच्या लोखंडाला पायाजवळ तडा आहे का तेही कंदिलासारखा तिरपा उजेड धरून पाहावं. या तिन्हींपैकी एकही दिसलं तर मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये.